सुईएवढा उजेड

माझी नजर चांगली होती, हे मीच सांगते, कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही, एक दादा सोडला तर. तेरा-चौदा वर्षांची असताना आईने दोनदा निवडलेल्या धान्यातून मी तिसऱ्यांदा खडे काढून दाखवायचे. काढलेले खडे मी गुपचूप फेकून देत नसे. आईच्या समोर, चुलीच्या कडेला ओळीने मांडून ठेवायचे, तिला मोजता यावेत म्हणून. आई पदराने कपाळ पुसायची आणि पीठ मळायला घ्यायची. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना कुणी माझ्या लहान वयाची सबब शोधत बसणार नाही.

आम्ही जातीने सुतार. माझा आजा कर्जतकडच्या एका गावात औतं आणि बैलगाड्या करायचा. माझे वडील, म्हणजे तात्या, नगरला आले आणि लष्करी कॅम्पाच्या रस्त्यावर पत्र्याचं दुकान टाकून पेट्या दुरुस्त करू लागले. पेटी म्हणजे हार्मोनियम; आमच्याकडे तिला कुणी दुसरं नाव दिलं नाही. पुढे कॅम्पातल्या बँडमधल्या कुणीतरी एक मोडकी गिटार आणून टाकली. तात्यांनी ती पंधरा दिवस नुसती उघडून ठेवली, आतली प्रत्येक पट्टी दोऱ्याने मापली, आणि मग ती दुरुस्त करून शिवाय तिच्यासारखीच दुसरी केली. तेव्हापासून वर्षाला एक-दोन गिटारी आमच्याकडून जायच्या. कधी कॅम्पात, कधी चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींकडे. दुकानाच्या मागे एकच खोली, त्यात आम्ही चौघं. दिवसभर रंध्याचा आवाज, अंगणात सरस शिजल्याचा वास आणि जेवणाच्या ताटात भुसा. भाकरी उचलण्याआधी तिच्यावर फुंकर घालायची सवय मला इतकी होती की लग्नानंतर सासरीही मी पहिल्या जेवणाला फुंकर घातली आणि जावा हसल्या.

गिटारीची पाठ एका फळीची नसते. एकच जाड फळी मधोमध उभी चिरायची आणि पुस्तक उघडावं तशी उघडायची. मग डाव्या बाजूला लाकडाच्या ज्या रेषा दिसतात त्याच उजव्या बाजूला उलट्या दिसतात. दोन्हीच्या कडा रंध्याने अशा सरळ करायच्या की एकीवर एक टेकवल्या तर मध्ये केसही जाऊ नये. मग कडांना गरम सरस लावून त्या एकमेकींवर घासायच्या, त्या हाताला ओढ देऊ लागल्या की थांबायचं, सुतळीने करकचून आवळायच्या आणि सुतळीखाली पाचरी ठोकायच्या. एक दिवस, एक रात्र तसंच ठेवायचं. मग सुतळी सोडून पाठ तासत तासत पातळ करायची, भाकरीपेक्षा पातळ आणि पापुद्र्यापेक्षा जाड. एवढं झालं की तिची परीक्षा. पाठीचा सांधा चांगला असेल तर गिटार पन्नास वर्षं टिकते. नसेल तर कधीतरी उन्हाळ्यात, कुणी हात न लावता, भिंतीला टांगल्या टांगल्या उकलते.

ते दुष्काळाचं साल होतं. घरात रेशनचा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, तांबडा, कडवट. त्याच्या भाकरी थापताना काठावर चिरायच्या आणि गार झाल्या की दातांना हार जायच्या नाहीत. पाणी टँकरचं. आई पहाटेपासून घागर घेऊन रांगेत उभी राहायची आणि जे मिळेल ते डोक्यावर आणायची. तात्या त्यातलं तांब्याभर पाणी सरस भिजवायला काढून घ्यायचे, तेही विचारल्याशिवाय. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा आणि हाडांचा चिकटा, त्यामुळे आईने तो चुलीवर कधी येऊ दिला नाही. अंगणात तीन दगडांवर त्याचं वेगळं भांडं होतं. एकदा ती म्हणाली, "प्यायाला न्हाई आन् सरसाला पानी." तात्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बोटाच्या पेराने फळीवर टकटक करून ऐकत होते. "आसली हवा पुन्यांदा घावायची न्हाई," ते मला म्हणाले. "लाकडातलं पानी पार गेलं बग. कसं वाजतंय, आईक." सगळा जिल्हा आभाळाकडे तोंड करून बसला होता आणि त्या वर्षी एकटा माझा बाप खूश होता.

आता परीक्षेचं सांगते. दुकानाच्या पत्र्याला एक भोक होतं. बाराच्या सुमाराला त्यातून उन्हाची एक काठी खाली यायची. दुकानाची दारं लावून घ्यायची, तात्यांनी ती पातळ पाठ दोन्ही हातांनी त्या उन्हात आडवी धरायची, आणि मी खाली बसून सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं, कुठे उजेड झिरपतो का ते. तात्या एकच प्रश्न विचारायचे, "दिसतंय का?" मी म्हणायचे, "न्हाई दिसत," किंवा म्हणायचे, "दिसतंय." तिसरं उत्तर नव्हतं. तात्यांचा नियम असा की ज्याने सांधा केला त्याने तो पारखायचा नाही, कारण केलेल्याला आपलं काम चांगलंच दिसतं. कोऱ्या नजरेने पारखायचं. ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटतं. खरी गोष्ट अशी की तात्यांना मोतीबिंदू झाला होता. आमच्या घराण्यात तो लवकर येतो. ते दिवसाउजेडी सुतळी समजून दोरा उचलायचे, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की चवताळायचे. हे मला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना कळू द्यायचं नव्हतं, आणि दादाला तर अजिबातच नाही.

दादा म्हणजे रघुनाथ, माझा मोठा भाऊ, तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा. उंच, वाकून चालणारा, बोलायला मऊ. तात्या त्याला दोन वर्षं सांधा शिकवत होते, म्हणजे तो करायचा आणि तात्या मोडायचे. मी "दिसतंय" म्हणाले की तात्या ती पाठ दादाच्या डोक्यावर ठेवायचे आणि त्याला दुकानाच्या पायरीवर उभं करायचे, रस्त्याकडे तोंड करून, ऊन उतरेपर्यंत. येणारे-जाणारे विचारायचे, "काय रं रघू, छत्री हाय का?" सायकलवरून जाणारी पोरं घंटी वाजवायची. तो मान न हलवता उभा राहायचा. ते झाल्याशिवाय त्याला भाकरी नसायची. आणि मी? मी वेळ लावायचे. एक डोळा मिटून, मान वाकडी करून, सांध्याखालून हळूहळू सरकत जायचे. बोलण्याआधी थुंकी गिळायचे. दोन मोठे पुरुष माझ्या तोंडाकडे बघत थांबलेत, याची चटक लागते. शाळेत मी पुढे तीस वर्षं शिकवलं, पेपर तपासले, पोरं नापास केली. पण तसं सुख पुन्हा मिळालं नाही. तोपर्यंत मी कधी खोटं मात्र बोलले नव्हते. दादाचे सांधे खरोखरच वाईट असायचे.

ते वाईट का असतात हे मला दिसायचं. तो रंधा सुरू करताना मागे जोर द्यायचा आणि संपताना पुढे. म्हणजे टोकं खाली जायची. मी एकदा त्याला ते सांगितलं. तो चिडला नाही. तात्या पेटी पोहोचवायला कॅम्पात गेले होते. दादाने रंधा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "दाव करून." आमच्याकडे बायामाणसांनी हत्याराला हात लावायचा नाही, खंडेनवमीला पूजेपुरतं आई हळदकुंकू लावायची, तेही पदर हाताभोवती गुंडाळून. मी रंधा धरला. पात्याखालून लाकडाची एक अखंड फीत निघाली, कांद्याच्या सालीसारखी, आणि माझ्या मनगटावर येऊन पडली. त्या दिवसापासून तात्या बाहेर गेले की दादा दाराशी पहारा देत बसायचा आणि मी कडा मारायचे. त्याने मला कधी नाही म्हटलं नाही. एवढंच काय, आई आली तर तो खोकायचा आणि मी टुणकन उडी मारून भुसा गोळा करायला लागायचे. आम्ही दोघं हसून हसून बेजार व्हायचो.

सागाची एक जोडी मी पुरी केली. कडा माझ्या, बाकीचं सरसाचं आणि पाचरींचं काम दादाचं. बाराला तात्यांनी ती उन्हात धरली. "दिसतंय का?" मी खालून पाहिलं. माझंच काम मी पारखत होते, आणि सांध्याच्या जागी काळोखाची एक सरळ रेघ होती. "न्हाई दिसत." तात्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मग तात्यांनी पाठ खाली ठेवली, अंगठा सांध्यावरून तीनदा फिरवला, आणि त्यांचे ओठ थरथरले. ते मागे गेले आणि पेटाऱ्यातून फडक्यात बांधलेला आज्याचा रंधा घेऊन आले. बाभळीचा, हाताने घासून घासून काळा तुळतुळीत झालेला. तो त्यांनी दादाच्या पुढे धरला. "तुज्या आज्याचा हाय," म्हणाले. "आज तू सुतार झालास."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर आजही दिसते. तो विचारत होता, सांगू का? सांगितलं असतं तर तात्यांनी माझी बोटं ठेचली असती, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मी मान खाली घातली. त्याने रंधा घेतला. संध्याकाळी अंगणात तो माझ्याजवळ येऊन बसला. "त्यो तुजाच हाय, सुमे," म्हणाला. "म्या नुसता धरलाय. तुला पायजे तवा घे." बरं, वाईट वागला असता, तोरा दाखवला असता, तर मी दोन दिवस रडून विसरून गेले असते. पण माझ्याच कामाबद्दल मिळालेली वस्तू त्याने मला उसनी देऊ केली, प्रेमाने, आणि ते मला सहन झालं नाही. त्या प्रेमाबद्दल मी त्याला माफ केलं नाही.

त्यानंतर शिसव आला. कॅम्पातल्या बँडवाल्या साहेबाला बदलीवर जाण्याआधी गिटार हवी होती, चांगली, शिसवाच्या पाठीची. तात्यांजवळ शिसवाची एकच फळी होती, हर्रासात घेतलेल्या जुन्या पलंगाची, दहा वर्षं आढ्याला टांगून सुकवलेली. दुसरी मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी ती चिरली, उघडली. आत जांभळ्या-काळ्या रेषा होत्या. सगळ्यांच्या देखत ते दादाला म्हणाले, "आता ही तू करायची. जमली तर दुकान तुजं, मी पेट्या तेवढ्या बगीन. न्हाई जमली तर उद्यापासून खडीवर जायाचं. दोगाजनांचं काम न्हाई हितं, आन् माजा जीव उबगलाय." खडी म्हणजे दुष्काळी कामावर खडी फोडणं. आमच्या मूळच्या गावचे सगळे तिकडेच होते, बाया-पोरांसकट, उन्हात रस्त्याच्या कडेला बसून. दादा मान हलवून हो म्हणाला.

मला वाटलं, तो मला बोलावेल. तात्या दुपारी झोपायचे, तेवढ्यात कडा मारून झाल्या असत्या. मी दोन वेळा दाराशी घुटमळले. दुसऱ्या वेळी त्याने रंधा थांबवला आणि म्हणाला, "न्हाई, सुमे. एकदा तरी माजी मला करू दे." तो चार दिवस करत होता. एका वेळी दोन हात मारायचा, कडा टेकवून बघायचा, पुन्हा उचलायचा. जोर कुठे द्यायचा ते आता तो शिकला होता. मीच शिकवलं होतं. सरस घासताना त्याने श्वास धरला. सुतळी आवळताना त्याच्या तळहातातून रक्त आलं आणि ते त्याने लाकडाला लागू दिलं नाही, सदऱ्याला पुसलं. आई दारात उभी राहून हे बघत होती. त्या दिवशी तिने सरसासाठी तांब्याभर पाणी स्वतःच्या हाताने आणून ठेवलं.

आता मी ते लिहिते ज्यासाठी हे प्रकरण लिहायला बसले. दारं लावली. उन्हाची काठी खाली आली. तात्यांनी शिसवाची पाठ तिच्यात धरली आणि दादा भिंतीला टेकून उभा राहिला, हात मागे बांधून. आई पोथीसमोर बसल्यासारखी उंबऱ्यात बसली होती. मी खाली बसले आणि बघायला लागले. अर्ध्यापर्यंत काही नव्हतं. तीन हिश्श्यांपर्यंत काही नव्हतं. शेवटच्या वितीला मला कळलं की काहीच सापडणार नाही. सांधा माझ्या सागाच्या सांध्यापेक्षा चांगला होता. सागाला मी काळी रेघ तरी पाहिली होती. इथे रेघही नव्हती, लाकूड जणू असंच वाढलं होतं. आता रंधा खरोखर त्याचा झाला, दुकान त्याचं झालं, आणि मी आयुष्यभर त्याच्या मेहेरबानीने, तो खोकला की उडी मारत, भुसा गोळा करणार.

"दिसतंय का?" तात्यांनी विचारलं.

"दिसतंय," मी म्हणाले.

"कुटं?"

"वरल्या टोकाला. सुईएवढा."

"नीट बग, सुमे. डोळं पूस आन् बग."

मी डोळे पुसले. खरंच पुसले, फ्रॉकच्या टोकाने, आणि पुन्हा पाहिलं. सगळे थांबले होते. "दिसतंय," मी म्हणाले.

दादा भांडला नाही, मला बघू द्या म्हणाला नाही. तात्या म्हणाले, "भाईर हो." तो दार उघडून बाहेर गेला, आई त्याच्या मागोमाग गेली, आणि दुकानात मी आणि तात्या राहिलो. तात्यांनी पाठ डोक्यावर ठेवायची शिक्षा या वेळी दिली नाही. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि बाकाच्या कडेवर आपटली, सांध्यावर, दोन तुकडे वेगळे व्हावेत म्हणून. कच्चा सांधा असा आपटला की जुन्या वहीच्या पानासारखा सुटतो. ही पाठ कडाड करून फुटली, आणि तात्या जागच्या जागी थांबले. त्यांनी तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. ती कड खरखरीत होती, सलणारी. म्हणजे फुटलं ते लाकूड, सांध्याच्या बोटभर बाजूला. सांधा तसाच्या तसा होता, दोन तुकड्यांपैकी मोठ्या तुकड्यात, तुटलेल्या कडेलगत, जिवंत. डोळ्यांना दिसत नव्हतं ते त्यांच्या अंगठ्याला दिसलं.

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. मला वाटलं, आता ते मला मारून टाकणार. बाहेर दादा पायरीवर बसला होता; हाक मारली असती तर एका पावलात आत आला असता. तात्यांनी हाक मारली नाही. ती एकुलती एक फळी त्यांनी स्वतःच्या हाताने फोडली होती, एका पोरीच्या शब्दावर, कारण त्यांना दिसत नव्हतं. हे मुलाला सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. त्यांनी दोन्ही तुकडे माझ्या पुढ्यात ठेवले. मग हळूच, खासगीतलं बोलावं तसं म्हणाले, "कुनाला बोलू नगंस. हे चुलीत घाल." मी घातलं. शिसव जळताना गोडसर वास येतो. त्या आगीवर आईने संध्याकाळच्या भाकरी केल्या. थापता थापता तिने एकदाच विचारलं, "सुमे, खरंच दिसला का गं उजेड?" मी "व्हय" म्हणाले. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांची वळकटी घेऊन कर्जतच्या एसटीत बसून गेला. आज्याचा रंधा त्याने फडक्यात बांधून माझ्या अंथरुणाच्या उशाशी ठेवला होता.

आठ दिवसांनी तात्यांनी सागाच्या दोन फळ्या माझ्यापुढे टाकल्या. "मार कडा," म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मला काय ठाव न्हाई वाटतं त्यो पयला सांदा कुनाचा हुता?" ते म्हणाले. अंगठ्याला तेही कळलं होतं की काय, की ते अंदाजाने बोलत होते, मला आजतागायत सांगता येत नाही. कळलं असेल तर दादाच्या हाती रंधा देताना त्यांचे ओठ का थरथरले, हेही मला सांगता येत नाही. साहेबाला त्यांनी सांगितलं की शिसवाला कीड निघाली. गिटार सागाची गेली, पाठ माझ्या हातची. दार लावून मी काम करायचे, आणि कुणी आलं की तात्या बाकाशी येऊन उभे राहायचे. लग्न होईपर्यंत मी सहा पाठी केल्या. मला ते काम अतिशय आवडायचं. हेही लिहायलाच हवं की मी त्या दिवसांत सुखी होते.

दादा पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. खडीच्या कामावर मजुरांना सुकडी मिळायची, गोड, पिठासारखी. आपल्या वाटची तो खात नसे. फडक्यात बांधून माझ्यासाठी आणायचा. त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत, एक नख कायमचं काळं पडलं होतं. मी बाकाशी उभी आहे, हातात आज्याचा रंधा आहे, हे बघून तो मनापासून खूश व्हायचा. "तुजंच हुतं ते," म्हणायचा. मी सुकडी खायचे. त्याच्यासमोर उभी राहून, बोटं चाटून खायचे. सांगावंसं वाटलं नाही असं नाही. पण सांगितलं तर तो परत येईल, आणि तो आला तर रंधा जाईल, एवढा साधा हिशेब होता.

दुष्काळ संपला, दादा माघारी आला नाही. रस्त्याच्या कामावरच राहिला, पुढे तिथल्याच टोळीत कायम झाला. डांबर, रोलर, ऊन. त्याने पुन्हा कधी हत्यार धरलं नाही. घरातल्या खाटेचा पाय निखळला तरी तो सुतार बोलवायचा आणि त्याच्या शेजारी उभा राहून मुकाट्याने बघायचा. तात्या गेले तेव्हा पूर्ण आंधळे होते. शेवटच्या दिवसांत ते अंगठ्याने पांघरुणाची कड चाचपायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मी जवळ असले तर थांबायचे.

मागल्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. घराण्याचा मोतीबिंदू, मला उशिरा आला एवढंच. मुलगा परदेशी, सून नोकरीला, म्हणून दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायला, आता जवळच राहणारा, दादा येतो. सत्तरी ओलांडली आहे, तरी चालत येतो. त्याची बोटं वाकडी झाली आहेत, पण बाटली धरली की हलत नाहीत. परवा दुपारी मला आडवं निजवून, पापणी वर धरून, तो आपणहून बोलायला लागला.

"तुजं डोळं जपाया पायजेत, सुमे. लई बारीक नजर तुजी. त्या शिसवाच्या वक्ताला म्या आदीच चोरून बगितलं हुतं, तुमी यायच्या आदी. पाट उन्हात धरली आन् खालनं बगितलं. मला कायबी दिसलं न्हाई. पार अंदार. म्या म्हनलं, जमलं बग. आन् मग तू बगितलंस तर तुला दिसला उजेड." तो हसला. "तवा कळलं मला. आपल्याला नजरच न्हाई. म्हनून मग म्या त्या वाटंला गेलोच न्हाई पुन्यांदा. बरं झालं, येळंला कळलं."

थेंब पडला, गार. "मीट डोळं," तो म्हणाला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे साठ आकडे मोजू लागला, हळू आवाजात, एकही न चुकवता. नव्हता रे दादा उजेड, एवढंच म्हणायचं होतं. मिटल्या डोळ्यांनी तर ते म्हणता आलं असतं. वीस झाले, चाळीस झाले, पन्नास झाले.

"उघड," तो म्हणाला. मी डोळा उघडला. त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यावर वाकला होता, पांढऱ्या दाढीचे खुंट, काळं नख, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

"दिसतंय का?" त्याने विचारलं.

"दिसतंय," मी म्हणाले.